सत्त्याण्णव ते सव्वाशे

लोहा मागं पडलं की रस्ता बालाघाटाच्या माळांवर चढायला लागतो. सकाळी साडेनऊला त्या चढावर एका स्प्लेंडरच्या मागं मी बराच वेळ होतो. चालवणारा पन्नाशीतला, डोक्याला रुमाल. मागं बायको, एका बाजूला पाय सोडून बसलेली. दोघांच्या मधे पिठाचं पोतं, हँडलला दोन पिशव्या, टाकीवर सतरंजीत गुंडाळलेली गादी. पोरगी लातूरला 'नीट'च्या क्लासला ठेवलीय, हे ती गाडी बघून नांदेड-लातूर रस्त्यावरचा कुणीही सांगेल.

चढ वाढला तसा गाडीचा आवाज जड झाला. माणसानं टाच दाबली, चौथ्याचा तिसरा. थोडं पुढं पुन्हा टाच, दुसरा. मागून ट्रकनं हॉर्न दिला आणि तो दाबूनच धरला. गाडी कडेच्या मुरमावर उतरली, डगमगली. बाईंनी एका हातानं पोतं आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा खांदा आवळला. ट्रक गेला. गाडी पुन्हा वर आली, दुसऱ्यावरच.

चाकूरला चहाच्या हॉटेलात ते दोघं भेटले. मी गाडीची विचारपूस केली. "पंधरा वर्षं झाली. आता वढत न्हाई ही. पुढल्या साली एकशेपंचवीस घेऊ म्हणायलोय." बाई म्हणाल्या, "दर साली म्हणतेत."

गाडी तेवढीच ओढत होती जेवढी पंधरा वर्षांपूर्वी ओढायची. बदलला होता तो रस्ता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी २०२५ साली 'एक पायरी वर' असा विषय दिला. यादीत परदेशी गेलेली मुलं होती, फ्लॅट होते, मराठी उद्योजक होते. मी त्यांना म्हटलं, मी मोटारसायकलवर लिहितो. शंभरवरून सव्वाशेवर जाणाऱ्या माणसांवर. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "पंचवीस सीसीवर दिवाळी अंकाचा लेख?" तेवढाच फरक आहे, म्हणून तर लिहायचंय, असं मी सांगितलं.

रुंद रस्ता, लहान गाडी

तुळजापूरहून निघून औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढं यवतमाळ-वर्ध्याकडून बुटीबोरीला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या भागातून गेला आणि मोटारसायकलवाल्यांचं गणितच बदललं. जुना रस्ता अरुंद होता, खड्ड्यांचा होता, त्यावर सगळेच चाळीस-पन्नासनं जायचे. ट्रक काय, एसटी काय आणि स्प्लेंडर काय, सगळे एका पंगतीत. आता चार पदरांवर गाड्या नव्वद-शंभरनं जातात आणि शंभर सीसीची गाडी त्यांच्यात सापडते.

साठनं जाताना हवा कापायला गाडीला जेवढी ताकद लागते, त्याच्या सव्वादोन पटीहून जास्त ऐंशीला लागते, कारण ही ताकद वेगाच्या घनानं वाढते. स्प्लेंडरकडं सगळी मिळून आठ अश्वशक्ती. मोकळ्या सपाट रस्त्यावर एकटा माणूस ऐंशी गाठतो, पण मग मुठीत काही शिल्लक राहत नाही. त्यात डबलसीट, त्यात पीठ, त्यात चढ. नांदेड गोदावरीच्या काठावर, लातूर बालाघाटाच्या पठारावर. म्हणजे नांदेडहून लातूरला जाताना गाडी एकूण चढतीच असते. परतीला तीच गाडी बरी वाटते, असं सांगणारे मला तिघं भेटले. त्यातला एक वाऱ्याला श्रेय देत होता.

लोक 'पिकअप' म्हणतात तेव्हा त्यांना शर्यत लावायची नसते. मागून हॉर्न आला की मुरमावर उतरावं लागू नये, एवढंच हवं असतं. दुकानातला सेल्समन मात्र शून्यापासून साठपर्यंत किती सेकंदांत ते सांगत बसतो. गिऱ्हाईक मान हलवतं आणि विचारतं, "अॅव्हरेज किती?"

चहाचे दोन घोट

अहमदपुरात एका मिस्त्रीकडं अर्धा दिवस बसलो. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, तेलानं काळी झालेली जमीन, टायरवर टाकलेली फळी, तीच पाहुण्यांची बैठक. मिस्त्रींचं वय साठीच्या आसपास. त्यांनी राजदूत उघडलीय, एम-८० उघडलीय, आणि आता लॅपटॉपची वायर जोडावी लागणाऱ्या गाड्यांकडं ते पोराला पाठवतात.

सीसी म्हणजे काय, हे त्यांनी मला चहाच्या कपावर शिकवलं. सिलिंडरच्या आत पिस्टन खाली गेला की जेवढी पोकळी होते, तेवढं माप. स्प्लेंडरमध्ये ९७.२ सीसी. म्हणजे हॉटेलातला एक भरलेला कप. सव्वाशेच्या गाडीत १२४. "मधी किती ऱ्हायलं? दोन घोट. तेवढ्यासाठी मानूस लाख रुपये घालायलाय," म्हणत त्यांनी ते दोन घोट घेतले आणि कप ठेवला.

मग एक जुना पिस्टन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. रुपयाच्या दोन नाण्यांएवढा रुंद, वर काजळी, कडेला घासल्याच्या उभ्या रेघा. स्प्लेंडरचा व्यास ५० मिलिमीटर. नव्या शाईन १२५ चा व्यासही ५० मिलिमीटरच. फरक आहे तो पिस्टन वर-खाली किती जातो त्यात: एकात ४९.५ मिलिमीटर, दुसरीत ६३.१. हाताचं बोट आडवं धरून त्यांनी मला तो फरक दाखवला, अर्ध्या पेराएवढा. पायडलचा दांडा लांब केला तर सायकल चढावर सोपी जाते ना, तसंच हे. लांब दांड्यामुळं ओढ वाढते. आकड्यांत सांगायचं तर ओढीचं माप ८ न्यूटन मीटरवरून ११ वर जातं. चढावर जिथं दुसरा टाकावा लागायचा तिथं तिसऱ्यावर भागतं, हा त्याचा रस्त्यावरचा अर्थ.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ५० बाय ४९.५ हे माप १९८५ च्या हिरो होंडा सीडी-१०० पासून चालत आलंय. गाडीचा चेहरा बदलला, दिवे बदलले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, २०११ मध्ये हिरो आणि होंडा वेगळे झाले, पण आतला तो कप तेवढाच. आमच्याकडं अजूनही गाडीला 'हिरो होंडा'च म्हणतात, आणि त्यात फारसं चुकत नाही.

सीसी म्हणजे ताकद नव्हे, हे मात्र मिस्त्री पुन्हा पुन्हा बजावत होते. राजदूत १७५ ची असून जेमतेम साडेसात अश्वशक्ती द्यायची, आजच्या स्प्लेंडरहून कमी. आणि यामाहाची आरएक्स-१०० अठ्ठ्याण्णव सीसीत अकरा द्यायची. १९९६ मध्ये बंद झाली तरी तिचं नाव काढलं की मिस्त्रींचा चेहरा बदलतो. नांदेडात एका पोरानं आजोबांची आरएक्स नव्यानं रंगवून आणलीय, तिला मागणी येते ती नव्या दीडशेहून जास्त किमतीची. पोरगा विकत नाही. आजोबा म्हणतात, मी तर भंगारात घालणार होतो.

चढत-उतरत

माणसं लहान गाडीवरून मोठीवर जातात असं आपण धरून चालतो. आमच्या भागात उलटंही झालंय. सत्तरच्या दशकात गावात गाडी असलीच तर पाटलाकडं बुलेट नाहीतर दूधवाल्याकडं राजदूत. मोठीच गाडी होती, कारण लहान नव्हतीच. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली, पन्नास सीसीची, पायडल मारून चालू होणारी. मास्तर, ग्रामसेवक, टपाल खातं हे सगळे सायकलवरून लुनावर आले. पुढं बजाजची एम-८० आली. नाव ऐंशीचं, इंजिन चौऱ्याहत्तरचं. पण मागच्या कॅरिअरला दोन बाजूंना दुधाचे कॅन, मधे गवताचा भारा आणि त्याच्यावर पोरगं, एवढं घेऊन ती चिखलातून निघायची. तिच्याबद्दल आजही कुणी वाईट बोलत नाही.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी हात लागलेल्या शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या आणि राजदूतवाले खाली उतरले. जास्त सीसी सोडून कमी सीसीवर. पेट्रोलनं उतरवलं त्यांना. टाकीत तेवढंच पेट्रोल घालून दुप्पट अंतर जात असेल, तर कोण राजदूतचा रुबाब धरून बसेल? स्प्लेंडर १९९४ ची. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला होता, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी आयटीआय झालेल्या पोरांनी आधी तिथं गाडी जोडली, नंतर हप्त्यानं घेतली.

पल्सर आली नोव्हेंबर २००१ मध्ये, दीडशे आणि एकशेऐंशी अशी. त्या वेळी मी नांदेडात नोकरीला लागलेलो होतो. महाविद्यालयाच्या गेटसमोर पहिली काळी पल्सर उभी राहिली तेव्हा तिच्याभोवती पोरं अशी जमली होती, जशी माळेगावच्या यात्रेत घोड्याभोवती जमतात. कुणी टाकीवरून हात फिरवत होता, कुणी वाकून चाक बघत होता. गाडीचा मालक पानटपरीच्या आडून ते सगळं बघत होता, पुढं येत नव्हता.

बायकांचा जिना वेगळा आहे, तो लवकर सांगून टाकतो, कारण त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. 'सैराट'मधल्या आर्चीनं २०१६ मध्ये बुलेट पळवली आणि टाळ्या पडल्या; पण आमच्याकडच्या झेडपीच्या बाईंनी, नर्सताईंनी, आशाताईंनी चढलेला जिना स्कूटीच्या अठ्ठ्याऐंशी सीसीवरून एकशेदहावर आणि आता सव्वाशेच्या स्कूटरवर असा आहे. मुखेडकडच्या एका शिक्षिकेनं सांगितलं, "सर, बदली लांबची झाली म्हणून मोठी घेतली. बदली जवळ झाली असती तर स्कूटीच बरी होती. पाय टेकतात."

सरकारच्या रेघा, घरच्या रेघा

युरोपात कायदाच पायऱ्या घालून देतो. सोळाव्या वर्षी सव्वाशे सीसी, तीही ११ किलोवॉटपर्यंतच. अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची. ती दोन वर्षं चालवली तर पुढं कसलीही, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी. दर पायरीला परीक्षा किंवा प्रशिक्षण. आपल्याकडं गिअरच्या मोटारसायकलचं लायसन एकदा निघालं की तुम्ही शंभरवरून उतरून साडेसहाशेवर बसलात तरी कायदा अडवत नाही. अडवतो तो खिसा.

तरी सरकारनं इथंही रेघा ओढल्यात, फक्त त्या चालवणाऱ्यासाठी नाहीत, बिलासाठी आहेत. महाराष्ट्रात दुचाकीचा रोड टॅक्स ९९ सीसीपर्यंत दहा टक्के, पुढं २९९ पर्यंत अकरा. सत्त्याण्णव सीसीची गाडी त्या रेघेच्या दोन बोटं अलीकडं बसते. सव्वाशेला एक टक्का जास्त. पुढची रेघ १२५ वर: त्यापर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरते, त्याच्या वर एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं. तिसरी रेघ १५० वर, विम्याची. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो; ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत ७,३६५. पल्सर दीडशेचं इंजिन १४९.५ सीसीचं का आहे हे कोडं मला इतकी वर्षं होतं. विम्याचं बिल बघताना निदान त्याचा फायदा कुणाला होतो ते कळलं. युनिकॉर्न १६२ ची झाली आणि रेघेपलीकडं गेली. शोरूममधे हे कुणी सांगत नाही. 'ऑन रोड' असा एकच आकडा सांगतात, आणि तो गिऱ्हाईक घरी जाऊन सांगेपर्यंत पाचशेनं वाढलेला असतो.

२०२५ मध्ये घटस्थापना आणि जीएसटीची कपात एका दिवशी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात नांदेडच्या शोरूममधे मी दोन तास उभा होतो. एक मामा सेल्समनशी भांडत होते: "धा टक्के कमी झालं मनून टीव्हीवर सांगितलंय. ऐंशी हजारावर आठ हजार उतरव." सेल्समन सहा हजार अडीचशे म्हणत होता. सेल्समनचं बरोबर होतं. कर नसलेली किंमत ६२,५०० धरा; अठ्ठावीस टक्क्यांनी ती ८०,००० होते, अठरा टक्क्यांनी ७३,७५०. दहा टक्के उतरले ते मूळ किमतीवरचे. पण हे सेल्समनला समजावता येईना आणि मामांना पटेना. शेवटी सीट कव्हर आणि हेल्मेटवर तडजोड झाली.

पण त्याच वर्षी ऑगस्टात मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्यानं गावं बुडाली होती, आणि सप्टेंबरच्या पावसानं उभं सोयाबीन पाण्यात होतं. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली. आमच्याकडं गाडीची किंमत रुपयांत ऐकतात आणि क्विंटलमधे मोजतात. बेचाळीसशेचा भाव धरला तर लाख-सव्वालाखाच्या आत-बाहेरची सव्वाशेची गाडी म्हणजे चोवीस ते तीस क्विंटल. चांगल्या वर्षी तीन एकरांचा माल. त्या वर्षी किती एकरांचा, हे आडतीवर पट्टी हातात पडल्यावरच कळणार होतं.

हप्ता दर महिन्याला असतो आणि शेताचा पैसा वर्षातून दोनदा येतो, दिवाळीला सोयाबीनचा, शिमग्याच्या आधी तुरीचा. मधले महिने कोण भरतं? दूध भरतं. दर दहा दिवसांनी डेअरीवर पगार होतो, त्यातले दोन पगार घरात जातात आणि एक गाडीचा. एका घरी म्हैस आटली तेव्हा तीन हप्ते थकले आणि 'सिबिल' हा शब्द त्या घरातल्या आजीलाही पाठ झाला.

आणि शेवटी पेट्रोल. परभणी-नांदेडकडं ते राज्यात महागांतलं, कारण मनमाडच्या डेपोपासून टँकरला लांब यावं लागतं. लिटर एकशेपाचच्या वर. उदगीरकडची माणसं बिदरच्या बाजूला गेली की टाकी भरून येतात. महिन्याला हजार किलोमीटर गाडी फिरली आणि शंभर सीसीनं पासष्टचं अॅव्हरेज दिलं, सव्वाशेनं पंचावन्नचं आणि दीडशेनं पंचेचाळीसचं, तर शंभरहून सव्वाशेला महिन्याला तीनशे रुपये जास्त लागतात आणि दीडशेला सातशेच्या वर. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे गणित कागदावर केलेलं नव्हतं, पण सगळे नेमके सव्वाशेवर येऊन थांबले होते. मन दीडशेवर होतं. एकानं तर मोबाईलमधला फोटो दाखवला, दीडशेच्या गाडीवर शोरूममधे बसलेला. घेतली सव्वाशेची.

दात बघून

लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं. तिथं जनावर घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग चालवून बघतो, मग पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघतो. भाव रुमालाखाली, बोटांनी.

जुन्या गाडीचा बाजारही असाच चालतो, फक्त रुमाल नाही. जाणता माणूस सकाळी लवकर, न सांगता येतो. आल्याबरोबर सायलेन्सरला नाही तर इंजिनला हात लावतो. गरम लागलं की समजायचं, मालकानं आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना किकला त्रास देते. मग मागं उभा राहून पोराला मूठ पिळायला सांगतो आणि धूर बघतो. निळा आला तर ऑइल पिते. चेन बोटानं ओढून बघतो, सीट उचलून चेसिसवर वेल्डिंगचा डाग शोधतो. मीटरवरच्या आकड्याकडं बघतच नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवतं? त्याऐवजी पायाच्या रबराकडं बघतो. ते झिजून गुळगुळीत झालेलं आणि मीटर वीस हजार सांगत असेल, तर तो हसून चहा मागवतो.

शोरूममधे एक्सचेंजला गाडी दिली की ती याच बाजारात जाते. गिऱ्हाईकाला एक्सचेंजमधे बाहेरपेक्षा कमी मिळतात, पण कागदांचं झेंगट डोक्यावरून जातं, म्हणून लोक देतात. झेंगट खरंच मोठं आहे. कर्ज फिटलं तरी आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच असतो, तो उतरवायला पस्तीस नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र. नाव बदलायला एकोणतीस-तीस नंबरचे. आता त्यात एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी नंबर प्लेट, साडेचारशे रुपये आणि वर जीएसटी. त्यामुळं कितीतरी गाड्यांची नावं कधी बदललीच जात नाहीत. लातूरच्या एका निवृत्त कारकुनाला अकरा वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचं चलन मोबाईलवर आलं, सोलापुरातलं, टिबलसीटचं. फोटोतली तिन्ही पोरं त्यांनी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

सोयाबीनवर

माझी स्वतःची पायरी सांगायला हवी. बारा वर्षं शंभर सीसीची चालवून मी दीडशेवर आलो तो एका बोनसच्या जोरावर. पहिले चार दिवस हवेत गेले. पाचव्या दिवशी, ऑक्टोबरात, औशाकडून येताना वळणाच्या पलीकडं रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं होतं. शेतात चिखल असला की लोक डांबरावरच माल वाळवतात. कडेला दगड लावतात, मधे एक आजी झाडू घेऊन बसलेली असते.

जुन्या गाडीला पुढं ड्रम ब्रेक होता. तो कितीही आवळला तरी गाडी हळूहळूच थांबायची, त्यामुळं बारा वर्षांत माझ्या हाताला पूर्ण दाबायची सवय लागली होती. नव्या गाडीला डिस्क. ती दोन बोटांनी लागते. मी चार बोटांनी पूर्ण दाबली आणि पुढचं चाक सोयाबीनवर असताना दाबली. सोयाबीनचा दाणा गोल, गुळगुळीत, चाकाखाली छर्रे. हँडल हातातून निघून गेलं, असं वाटलं. मी कोपरावर पडलो आणि गाडी माझ्या आधी रस्त्याच्या कडेला पोचली.

आजी उठल्या. आधी त्यांनी मला उठवलं, मग पाणी दिलं, मग विखुरलेलं सोयाबीन झाडून पुन्हा सारखं केलं. नंतर म्हणाल्या, "नवी हाय वाटतं?" मी हो म्हटलं. "मग सावकाश."

गाडी उचलायला गेलो तेव्हा दुसरा धडा मिळाला. स्प्लेंडर ११२ किलोची. मी ती एकट्यानं कितीदा उचलली होती. ही दीडशेच्या जवळ. आजीच्या नातवाला हाक मारावी लागली.

उलटी गाडी

चाकूरच्या हॉटेलातल्या त्या जोडप्याला दसऱ्यानंतर मी पुन्हा भेटलो, त्यांच्या गावी. त्यांनी दिलेला नंबर होता, आणि 'पुढल्या साली' त्याच वर्षी आलं होतं. पोरानं, जो लातूरला एका दुकानात कामाला आहे, जीएसटीची बातमी ऐकून ठरवलं. तीस हजार रोख, उरलेलं कर्ज, छत्तीस हप्ते. दारात सव्वाशेची लाल गाडी होती, हँडलला वाळलेल्या झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली फुटलेल्या लिंबाचं सालपट अजून चिकटलेलं.

जुनी स्प्लेंडर एक्सचेंजला द्यायचं ठरलं होतं. दिली नाही. "पंधरा हजार म्हनले. पंधरा हजारात तर चांगलं शेरडूबी येत न्हाई," बाई म्हणाल्या. आता ती शेतात असते. मागं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलंय, त्यावर फवारणीचा पंप, कडब्याच्या पेंढ्या, कधी खताची गोणी. समोरचा दिवा काढून ठेवलाय, कारण शेतात रात्री कोण जातं. नवी नंबर प्लेट लावलेली नाही. "शेतातल्या गाडीला कोन इचारायलंय."

हे मी नांदेड-लातूरकडं घरोघर पाहिलं. घरात एक माणूस पायरी वर चढतो तेव्हा घरातल्या सगळ्या गाड्या एकेक जागा सरकतात. नवी महामार्गावर जाते. जुनी बापाकडं येते. बापाची आधीची एम-८० होती, ती गोठ्याच्या मागं कोंबड्यांना बसायला. आणि बापाची सायकल शाळेत जाणाऱ्या धाकट्याकडं. मोठी गाडी मुलाच्या नावावर असते, पण तिचं वजन सगळ्या घरावर पडतं. आणि तिनं दिलेली सोयही, कारण आता दूध घालायला आणि पोरीला डबा पोचवायला एकाच गाडीची वाट बघावी लागत नाही.

मला गावच्या फाट्यापर्यंत सोडायला बाप नवी गाडी काढतो म्हणाला. पोरगा नको म्हणत होता. मी मागं बसलो. त्यांनी बटन दाबलं, गाडी चालू झाली, समोरचं पायडल दाबून पहिला टाकला, निघालो. वीसएक पावलांवर त्यांनी सवयीनं पुन्हा पुढं दाबलं. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढं दाबून पडतात. हिला पहिला तेवढा खाली आणि बाकीचे चार वर उचलून. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. इंजिन ओरडायला लागलं, गाडी पहिल्यावरच. मग त्यांनी उचलून दुसरा टाकला, थोडी गती आली, आणि तिसरा टाकायला पुन्हा पुढं दाबलं. दुसऱ्याचा पहिला पडला. गाडीनं मागून धरल्यासारखा हिसका दिला, मी त्यांच्या पाठीवर आदळलो, गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

त्यांनी गाडी थांबवली, स्टँडवर लावली, चावी काढून पोराच्या हातात दिली.

"तुझी उलटी हाय," म्हणाले, आणि शेतातून स्प्लेंडर आणायला चालत गेले. कॅरिअरवरचा पंप तसाच होता. मी तो मांडीवर घेऊन फाट्यापर्यंत आलो.